कानामागचं गोंदण

जालिंदर मगदुमांचा आवाज ऐकला नाही असा माणूस मिरजेपासून जतपर्यंत शोधून सापडला नसता. कुस्तीचं मैदान कुठल्याही गावचं असो, माइक जालिंदर अण्णांच्याच हातात. आखाड्याच्या कडेला जागा मिळाली नाही म्हणून लांब चिंचेवर चढून बसलेल्यालाही डाव डोळ्यांसमोर दिसावा, असं ते बोलायचे. कुणी पट काढला, कुणी घिस्सा मारला, कुणाचा आजा कुठल्या तालमीत घुमत होता, सगळं तोंडपाठ. हलगीवाला दमायचा, अण्णा दमायचे नाहीत.

घरी आले की हा माणूस निराळाच. चपला दाराशी, पटका खुंटीला, आणि आवाजही जणू तिथंच टांगून ते आत येत. बायकोशी, शालनशी, बोलायचे ती दोन-चार वाक्यं, तीही अगदी खालच्या पट्टीत, शेजारच्या खोलीत झोपलेलं मूल जागं होऊ नये अशी. गावाला पंगत आणि घराला चतकोर, असं शालन मनात म्हणायची. राग यायचा तिला. पण तो खालच्या पट्टीतला आवाज मैदानावरच्या हजारोंपैकी कुणीच कधी ऐकलेला नव्हता. तो तिच्या एकटीचा होता.

घशाच्या कॅन्सरनं दोन्ही आवाज एकदमच नेले.

मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांचं स्वरयंत्र मुळापासून काढलं आणि श्वास घ्यायला गळ्याच्या खळगीत एक भोक ठेवलं. जीव वाचला. भेटायला येणारे लोक आधी त्या भोकाकडं बघत आणि मग घाईघाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. भर उन्हाळ्यात अण्णा मफलर गुंडाळून बसू लागले. हातात प्लास्टिकची पाटी आणि पेन. त्यांचं वाक्य लिहून पुरं व्हायच्या आत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा. थांबायचा तो फक्त निवृत्ती वस्ताद. अण्णा आणि वस्ताद एकाच तालमीत, एकाच मातीत वाढलेले. पुढं अण्णांनी माइक धरला आणि निवृत्तीनं सोनगी या त्यांच्याच गावातली ती तालीम. रोज संध्याकाळी वस्ताद यायचे, पाटीवरचं अक्षर उमटेस्तोवर गप्प बसायचे आणि मग उत्तर द्यायचे.

पुढच्याच वर्षी तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना वरच्या मजल्यावर ईश्वरी शिरगुप्पेकडं पाठवलं.

ईश्वरी डॉक्टर नव्हती, चित्रकार होती. मेडिकलच्या पोरांच्या जाडजूड पुस्तकांत शरीराच्या आतली चित्रं असतात, कातडी बाजूला सारून दाखवलेले स्नायू, शिरा, हाडं, ती काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता तीच चित्रं ती जिवंत माणसांच्या अंगावर गोंदत होती.

“काका, आवाज नरड्यात होतो, पण शब्द तिथं होत नाहीत,” ती म्हणाली. “स्वरयंत्र म्हणजे नुसती पिपाणी. तिच्यातून निघालेल्या सुराचा ‘क’ करायचा का ‘म’, हे ठरवतात जीभ, जबडा, ओठ आणि हनुवटीखालचे हे स्नायू. तुमची पिपाणी गेली. बाकीची मंडळी अजून रोज कामावर येतात. तुम्ही आत्ता बोलायला तोंड हलवलंत ना, तेव्हा मेंदूकडून त्यांना निरोप गेला, विजेच्या बारीक झटक्यासारखा. तो निरोप आपण मधेच ऐकायचा.”

तिची शाई कार्बनच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची होती. त्या शाईतून वीज वाहते. कातडीच्या खालच्या थरात अशी रेघ बसली की ती तिच्याखालच्या स्नायूतली हालचाल टिपते. पण रेघ त्या स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनंच जायला हवी. केसभर सरकली तर शेजारच्या स्नायूचा निरोप मिसळतो आणि ‘पाणी’चं ‘मामी’ होतं. पुस्तकातला गळा सगळ्यांचा सारखा असतो, खरा गळा प्रत्येकाचा वेगळा. ऑपरेशन झालेला तर फारच वेगळा. म्हणून हे काम चित्रकाराचं. रेघांवरून निघालेला निरोप कॉलरच्या आत लावलेल्या शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीत जायचा. चकती त्याचे शब्द करायची आणि बोलायची.

“फक्त कामापुरत्या रेघा कातडीच्या रंगात काढता येतील,” ईश्वरी म्हणाली. “कुणाला दिसणारही नाहीत.”

अण्णांनी पाटी ओढली. ‘दिसू देत. पुस्तकात असतं तसं काढा.’

“अवो, सोललेल्या बकऱ्यागत दिसाल,” शालन न राहवून म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘पैलवानाचं अंग लोक बघत्यातच की.’

काम बरेच आठवडे चाललं. ईश्वरी एका हातानं सोनोग्राफीचा दांडा गळ्यावर फिरवायची, पडद्यावर करडे धागे हलायचे, आणि दुसऱ्या हातानं ती पेनानं खुणा करायची. मग सुई. शालन पहिल्या दिवशी खिडकीकडं तोंड करून बसली. पुढं पुढं मान आपोआप वळायला लागली. हनुवटीपासून निघालेले तांबूस धागे पंख्यासारखे पसरत एका नालासारख्या छोट्या हाडाशी येत होते. जिथं स्नायू संपतो तिथं मोत्यासारखी पांढरी चकाकती कंडरा. आणि खालच्या भोकापाशी ईश्वरीनं सगळ्या रेघा अशा वळवल्या होत्या, जसं ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून पुढं जातं. इतके दिवस सगळे जण ज्या जागेवरून नजर चोरत होते, तिथंच आता नजर जाऊन थांबत होती.

अण्णांनी मफलर सोडला. एसटीत एका पोरीनं आईला विचारलं, “ह्यांच्या गळ्यात असं दिसतंय, तसं माझ्या पण गळ्यात हाय?” आई ओशाळली. अण्णा पोरीपुढं गळा ताणून बसले.

चकती सुरू झाली त्या दिवशी ईश्वरीनं त्यांना काहीही बोलायला सांगितलं. अण्णांनी तोंड हलवलं आणि खोली दणाणली.

“राम राम मंडळी!”

खालच्या मजल्यावरची नर्स धावत वर आली. आवाज हुबेहूब अण्णांचा होता, पण मैदानावरचा. गावोगावच्या लोकांनी जपलेल्या रेकॉर्डिंगवरून तो घडवला होता, तर दुसरा कुठून येणार? ईश्वरीनं तो बारीक केला, पण बारीक करून ढंग थोडाच जातो. घरी गेल्यावर अण्णा म्हणाले, “चहा ठेव,” ते पैलवानांची जोडी पुकारावी तसं.

गाव आनंदलं. वस्ताद तर चकतीला हात लावून नमस्कार करून गेले. शालनही देवापुढं साखर ठेवून मोकळी झाली. पण पुढच्या खेपेला ईश्वरीनं “काकू, आता कसं वाटतंय?” असं विचारलं, तेव्हा ती जरा घुटमळली.

“आवाज त्यांचाच हाय ताई. पण घरचा न्हाई.”

“घरातलं काही रेकॉर्डिंग आहे का? थोडंसं असलं तरी चालेल.”

“घरातलं बोलणं कोण रेकॉर्ड करून ठेवतंय?” शालन म्हणाली.

चकतीचं एक होतं, ती दिवसागणिक शिकत होती. सुरुवातीला अण्णांना प्रत्येक शब्द ठासून, तोंड वेडंवाकडं करून बोलावा लागे. हळूहळू तिला नुसती जिभेची चाहूल पुरू लागली. आणि मग एके दुपारी जेवताना, अण्णांचं तोंड घासात गुंतलेलं असताना, कॉलरमधून अगदी हळू आवाज आला.

“मीठ कमी पडलंय.”

शालनचा हात भाकरीवरच थांबला. मिठाचं तिला काहीच वाटलं नाही. तो आवाज. खालच्या पट्टीतला, शेजारच्या खोलीतलं मूल जागं होऊ नये असा.

“काय म्हणालासा?”

अण्णा दचकले. “मी कुठं काय बोललो?” चकती मैदानी आवाजात गरजली.

फोनवर ईश्वरीनं समजावून सांगितलं. आपण मनात शब्द आणतो, ओठांवर आलेलं गिळून टाकतो, तेव्हासुद्धा जीभ आणि हनुवटीखालचे स्नायू अगदी किंचित हलतात. धडधाकट माणसाची पिपाणी तेव्हा गप्प असते, म्हणून कुणाला कळत नाही. चकती आता इतकी तरबेज झाली होती की ते गिळलेले शब्दही ती वाचत होती. निरोप क्षीण, म्हणून आवाजही हळू, आणि ठासून पुकारायचा ढंगही गळालेला. घरबसल्या चकती बंद करता येते, तेवढाच उपाय; बाकी काही करायचं तर मिरजेला यावं लागेल. पण दर वाक्याला कॉलरमध्ये बोट घालून ती चालू-बंद करणं म्हणजे दर घासाला हात धुण्यासारखं होतं. अण्णा चार दिवसांत कंटाळले आणि ती चालूच ठेवू लागले.

मग गमती व्हायला लागल्या. चुलत मेहुणा बोलत बसलेला असताना कॉलर पुटपुटली, “आता ह्यो जेवूनच जाणार.” मेहुणा न जेवता गेला. अण्णा शरमेनं लाल झाले. शालन आत जाऊन पदर तोंडात धरून हसली. दारातून जाताना कधी ऐकू यायचं, “हिचं अंग दुखतंय जणू,” कधी नुसतं, “शालन.” हाक नव्हती ती. ती कान देऊन राहायला लागली. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवरा इतकं बोलला नव्हता.

एका सकाळी ती सोप्यात शेंगा सोलत बसली होती. अण्णा समोर खुर्चीत. बराच वेळ ते तिच्या हातांकडं बघत होते.

“परत उठला आजार तर हिचं एकटीचं कसं हुयाचं,” कॉलर म्हणाली. “साधी गाडी सुदिक चालवता येत न्हाई हिला.”

अण्णांनी झटकन चकती बंद केली. शालननं मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिली. आपण ऐकलं हे त्यांना कळू नये, म्हणून तिनं मुद्दाम टरफलं सुपात जोरानं टाकली. त्या दिवशी भाजी करपली.

जत्रेचं सोनगीचं मैदान आठवड्यावर आलं होतं. आजारानंतर अण्णांचं ते पहिलंच निवेदन. मैदान गावाबाहेर, पण भोंगे साऱ्या गावात बांधलेले. मैदानाच्या दिवशी शालन अंगणात भांडी घासत ऐकत होती. छोट्या कुस्त्या झाल्या. अण्णांचा आवाज जुन्यासारखाच सुटला होता; शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, एकीनं तर डोळे पुसले. मग शेवटची मोठी कुस्ती, निवृत्ती वस्तादांचा पट्ठा विरुद्ध पलीकडच्या जिल्ह्यातला एक नावाजलेला मल्ल.

“पट्ठ्यानं एकलंगी भरलेली आहे, भरलेली आहे, आणि सोडलेली आहे. का सोडली, मंडळी, ते त्यालाच ठाऊक.”

लोक हसले ते भोंग्यातून ऐकू आलं. हलगी कडाडली. थोडा वेळ अण्णा काहीच बोलले नाहीत. आणि मग गावातल्या सगळ्या भोंग्यांतून, देवळावरच्या, शाळेवरच्या, पाण्याच्या टाकीवरच्या, एक हळू आवाज आला. शालनच्या हातातलं पातेलं निसटलं.

“नुरा हाय ही. ठरवून धरलेली कुस्ती. निवृत्ती, लेका, तू पण?”

तिच्या एकटीचा असलेला आवाज साऱ्या गावावर पसरला होता.

हलगी थांबली. क्षणभर काही नाही, आणि मग मैदानावरून जो कालवा उठला तो ऐकायला भोंग्यांची गरज नव्हती.

अण्णा घरी आले ते पायी. शर्टावर मातीचं ढेकूळ फुटल्याचा डाग होता. निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, निम्म्यांनी शिव्या. पंचांनी कुस्ती रद्द केली. कमिटीनं माइक काढून घेतला आणि पुन्हा बोलावणार नाही म्हणून सांगितलं. पट्ठ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकून वस्ताद त्याला घेऊन गेले होते. अण्णांनी चकती काढून कपाटाच्या कप्प्यात टाकली, मफलर गुंडाळला आणि पाटी घेऊन बसले. पाटी कोरीच राहिली. संध्याकाळी वस्ताद आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

आठवडाभरानं शालन एकटीच मिरजेला गेली. ईश्वरी एका तरुण बाईच्या मनगटावर काम करत होती. ते संपेपर्यंत शालन बाकावर बसून राहिली.

“आवाज पुरता काढूनच टाका म्हणत्यात,” ती आत गेल्यावर म्हणाली. “पुसून मिळतंय का विचारायला लावलंय. मी मात्र दुसरंच विचारायला आलेय.”

ईश्वरीनं तिला पाणी दिलं. “पुसायची गरज नाही काकू. चकतीला सांगता येतं, की निरोप जोरकस असेल तरच बोल, क्षीण असेल तर सोडून दे. पाच मिनिटांचं काम आहे. मग मनातलं काही बाहेर पडणार नाही.”

“आणि तो हळू आवाज?”

“तोही जाईल. हळू बोललेलं आणि न बोललेलं, दोन्ही चकतीला सारखंच दिसतं.”

खिडकीत कुंडीतली तुळस वाळत आली होती. शालननं उरलेलं पाणी तिला घातलं. “ताई, तुम्हाला म्हणून सांगते. तो आवाज मला पायजे. पण माणसाच्या मनात हात घालून काढून घेतलेला नको. माणसाला न बोलायची मुभा पायजेच की. तेवढी पण न्हाई ऱ्हायली तर तो माणूस कसला.”

ईश्वरीनं कपाटातून स्वतःचंच एक जुनं चित्र काढलं, माणसाच्या डोक्याचं, एका बाजूनं. कानाभोवती तीन छोटे स्नायू होते, पाकळ्यांसारखे.

“हे बघा. कुत्रं, घोडा कान टवकारतात ते यांच्या जोरावर. माणसाला यांचा काही उपयोग नाही. मेडिकलची पोरं तर हे पान उलटून पुढं जातात. पण स्नायू जागेवर आहेत, त्यांना निरोपही जातो. कानामागच्या या स्नायूवर एक रेघ गोंदली आणि चकतीला सांगितलं, की हा हलेल तेव्हाच बोल, तर ते दार होईल. दार उघडलं की हळू बोला, जोरात बोला, सगळं बाहेर. मिटलं की काहीच नाही. एक अडचण आहे. कान हलवता आला पाहिजे. बहुतेकांना येत नाही.”

शालननं आरशाकडं बघितलं. भुवया न उचलता, गाल न हलवता, तिचा डावा कान मागं सरकला आणि पुन्हा जागेवर आला. पदराखालचं कुडकं डुललं.

“शाळेत असताना करायचो आम्ही,” ती म्हणाली. “मास्तर पाठमोरे झाले की.”

घरी येऊन तिनं मफलर काढून घेतला आणि अण्णांसमोर बसली.

“शेंगा सोलताना तुमी काय बोललासा ते मी ऐकलंय,” ती म्हणाली. “ऐकून न ऐकल्यागत केलं. चुकलं माझं. मला त्याचं वाईट वाटलं न्हाई. इतकी वर्सं मला वाटायचं, ह्यांच्या मनात कुस्तीशिवाय काही न्हाई. म्हणून सांगते, आवाज पुसायचा न्हाई. त्याला दार लावू. उघडायचं का न्हाई, ते तुमी ठरवा. मी कधी विचारणार न्हाई.”

अण्णांनी पाटी घेतली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘कान हलवायचा कसा?’

ती शिकवणी पावसाळाभर चालली. आरसा मधे, दोघं दोन बाजूंना. अण्णांच्या भुवया हलायच्या, टक्कल हलायचं, जबडा हलायचा. कान खांबासारखा स्थिर. शालन त्यांच्या कानामागं बोट ठेवायची. “इथं. दुसरं सगळं ढिलं सोडा. मागं कुणीतरी हाक मारलीय असं समजा.” ईश्वरीनं स्नायूची हालचाल रेघेनं दाखवणारा एक छोटा पडदा दिला होता, त्यावर नुसती सपाट ओळ. अण्णा वैतागून पडदा उलटा घालायचे. आयुष्यभर पैलवानांच्या अंगातला कुठला स्नायू कधी तट्ट होतो हे जगाला सांगितलेला माणूस आपल्याच कानापुढं हरला होता. मग एका सकाळी सपाट ओळीवर मुंगीएवढा उंचवटा आला. शालननं त्याला बोट लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोन आले. गौरी-गणपतीच्या सुमारास अण्णा पाहुण्यांच्या पोरांना कान हलवून दाखवत होते.

ईश्वरीनं कानामागं गोंदण केलं: एकच लहानसा स्नायू, तांबूस, टोकाला पांढरा. चकती पुन्हा कॉलरमध्ये बसली. अण्णांनी तोंड हलवलं, काही नाही. मग कान मागं सरकला.

“ऐकू येतंय का?” ते म्हणाले. हळू, खालच्या पट्टीत.

शालननं मान हलवली.

त्याच संध्याकाळी अण्णा तालमीत गेले. शालन हातात पिशवी घेऊन मागोमाग गेली आणि दारातच थांबली. आत पोरं माती खणत होती. निवृत्ती वस्ताद कट्ट्यावर बसले होते. त्यांनी अण्णांना बघितलं आणि नजर मातीकडं वळवली.

“आलास व्हय,” ते म्हणाले. “आणि काय ऱ्हायलंय सांगायचं?”

अण्णा शेजारी बसले. कान हलला. “त्या दिवशी माइकवर बोलायचं नव्हतं मला. निसटलं. तुझ्या पट्ठ्याच्या तोंडावर, साऱ्या गावासमोर. त्याची माफी मागायला आलोय.”

“खोटं होतं म्हण की.”

“खोटं नव्हतं.”

वस्तादांनी मातीचं ढेकूळ उचलून बोटांनी चुरगाळलं. “तालमीचं छप्पर गळतंय लेका. एका कुस्तीच्या पैशात छप्पर होणार होतं. पोरगं नको म्हणत होतं, मीच गळ घातली.” त्यांनी हात झटकले. “तुला काय, ह्याआधी नुरा दिसल्या न्हाईत? तवा बरा गप बसलास.”

“बसलो,” अण्णा म्हणाले. “नुराच खरी म्हणून पुकारली. तवा गप बसायची सवय होती, इचार करावा लागत नव्हता. आता ह्यो कान हलवल्याशिवाय शब्द निघत न्हाई. बोलायचं तरी ठरवून, गप बसायचं तरी ठरवून.” त्यांनी वस्तादाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “म्हणून आधीच सांगतो. पुन्यांदा अशी कुस्ती दिसली तर मी बोलणार. पण आधी तुझ्या कानात सांगीन. आणि छपराचं म्हणशील तर गावोगावी फिरून मी माइकवरनं मागीन. मागायला मला लाज न्हाई.”

पोरं खणायची थांबून बघत होती. त्यांच्यात तो पट्ठाही होता, फावड्यावर रेलून. तो पुढं आला, अण्णांच्या पाया पडला आणि पुन्हा कामाला लागला.

“कान कसा हलवतोस रं?” वस्तादांनी विचारलं. “दाव बघू.”

अण्णांनी दाखवला. वस्तादांनी प्रयत्न केला. त्यांच्या भुवया, मिशा आणि अख्खं डोकं हललं. आखाड्यात हशा पिकला, तेव्हा शालन दारातून परत फिरली. आता तिचं तिथं काही काम नव्हतं.

दिवाळीनंतरची तपासणी जवळ आली, तसे अण्णा पुन्हा गप्प गप्प राहू लागले. शालननं शब्द दिल्याप्रमाणं काही विचारलं नाही. जेवणं होत, कान स्थिर असे, ती ताट उचलून न्यायची. एके दिवशी पोळ्या लाटताना पाठीमागून तो हळू आवाज आला.

“बस जरा.”

ती पिठाच्या हातांनीच बसली.

“काय निघंल सांगता येत न्हाई,” अण्णा म्हणाले. “बरं निघंल असं वाटतंय. पण भ्या वाटतं. माझं न्हाई येवढं. तुझं.”

“मला पण वाटतं,” शालन म्हणाली. “बोलला असतासा तर दोघं मिळून भ्यालो असतो.” तिनं हात पुसले. “माझ्यापुरतं म्हणाल तर एक करा. गाडी शिकवा मला. बँक, दवाखाना, मिरज, दर वेळी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?”

तपासणी चांगली निघाली. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी या म्हणून सांगितलं. परत येताना अण्णांनी बॅटरीवरची स्कूटर घराकडं न वळवता मैदानाकडं घेतली. जत्रा सरून कितीतरी महिने झाले होते. मैदान रिकामं होतं, गवत वाढलेलं, एका कडेला दोन म्हशी. अण्णा उतरले आणि त्यांनी हँडल शालनच्या हातात दिलं.

पहिल्या दोन खेपांना ती म्हशींच्या दिशेनं गेली. तिसऱ्या खेपेला गाडी सरळ झाली. पदर कमरेला खोचून, ओठ घट्ट मिटून तिनं मैदानाला अख्खी फेरी मारली. धापा टाकत मागं धावणं अण्णांना शक्य नव्हतं. ते मधोमध उभे राहून तिच्याबरोबर जागच्या जागी वळत राहिले. ऊन त्यांच्या गळ्यावर पडलं होतं, तांबूस धागे चमकत होते.

ती त्यांच्यापाशी येऊन थांबली. अण्णांचा कान किंचित हलला.

“काय?” ती म्हणाली.

“वळताना ब्रेक उशिरा दाबतीस.”

“म्हाईत हाय मला,” शालन म्हणाली, आणि दुसऱ्या फेरीला निघाली.